जुन्या कॅम्पर व्हॅनचं मालकांनी सांगितलेलं ॲव्हरेज कितपत खरं मानायचं?

नेकारतीर
नमस्कार मंडळी. आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो, दोन मुलं लहान आहेत. इतकी वर्षं तंबू घेऊन फिरलो, आता कॅम्पर घ्यायची असं घरात ठरलंय. नवीन गाड्यांच्या किमती आवाक्याबाहेरच्या, म्हणून जुन्या बघतोय. १९८८ ची फोक्सवॅगन टी-३ वेस्टफालिया मनात भरली आहे. १.६ लिटरचं टर्बो डिझेल, ७० पीएस (म्हणजे अश्वशक्ती), पाच गियर, छत उघडून वर झोपायची सोय.

विकणारे आजोबा म्हणतात, "शंभर किलोमीटरला आठ लिटर." म्हणजे लिटरला साडेबारा. नेटवर याच इंजिनाचे मालक शोधले तर कोणी साडेसात लिहितंय, कोणी बारा. आमचं वर्षाला १५ हजार किमी फिरणं होईल. आठ आणि बारा यांत वर्षाकाठी ६०० लिटर डिझेलचा फरक पडतो, आमच्या बजेटला तो झेपणारा नाही. एकाच इंजिनाच्या आकड्यांत इतकी तफावत कशी? आणि यातला कोणता आकडा धरून चालायचं?

जुनंडिझेल
आजोबा खोटं बोलत नसणार. या इंजिनाला आठ येतात. उन्हाळ्यात, सपाट रस्त्यावर, ट्रकांच्या रांगेत ८०-८५ च्या वेगाने गेलं तर नक्की येतात. फक्त माणसाच्या लक्षात सगळ्यात चांगली टाकी राहते आणि पुढे तोच गाडीचा आकडा होऊन बसतो.

पहिला प्रश्न विचारायचा तो वेगाचा. टी-३ म्हणजे चाकांवरची पेटी. वर छताचा फुगवटा, त्यावर कोणी सामानाचा खोका लावतं, मागे सायकली, बाजूला गुंडाळलेली ओनिंग, म्हणजे सावलीचं कापडी छप्पर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो, १२० ला सव्वादोनपट. लहान मोटारीलाही हे लागू आहे, पण तिचा समोरचा आकार लहान आणि इंजिनाला दम उरलेला असतो. ७० पीएसची दोन टनांहून जड भरलेली व्हॅन ११० ला नेली की पाय फळीला टेकलेलाच राहतो. म्हणून एकच गाडी दोन चालकांच्या हाती आठ आणि साडेदहा देते, आणि दोघंही प्रामाणिक असतात.

तुमच्या भागाचं वेगळं सांगायला हवं. स्टुटगार्टहून उल्मकडे ए-८ वर आल्बचा चढ आहे, म्यूनिककडून साल्झबुर्गला जाताना इर्शनबेर्ग. तिथे ही गाडी तिसऱ्या गियरवर येते. मी नेदरलँड्समध्ये राहतो, माझ्याकडे चढ म्हणजे पूल. माझा आकडा तुम्ही तुमच्यासाठी धरू नका.

भटकभवानी
मी कोलोराडोत. इथे याच गाडीला व्हॅनागॉन म्हणतात. माझी २.१ लिटर पेट्रोल, ऑटोमॅटिक. गॅलनला १७ मैल देते. नेकारतीर, तुम्ही इंग्रजी साइटवरचे आकडे बघत असाल तर लिहिणारा कुठला आहे ते आधी बघा. अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटनचा ४.५४६ लिटरचा. माझे १७ ब्रिटिश माणूस लिहील तेव्हा २० च्या पुढे जातात. लिटरला म्हणाल तर सव्वासात किमी, तुमच्या हिशोबात शंभराला पावणेचौदा लिटर. गाडी तीच, खर्च तोच.

कॅनडातले जुने मालक तर बऱ्याचदा इंपिरियल गॅलनच धरतात, आणि बसतात अमेरिकन लोकांच्याच चर्चांमध्ये. "मला २२ मिळतात, तुला १८ का?" या वादात अर्ध्या वेळा गॅलनच वेगळा निघतो.

सरकारी आकड्यांचंही तसंच. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून चाचणीच्या आकड्याची पद्धत बदलली आणि सरकारी संकेतस्थळावर जुन्या गाड्यांचे आकडेही नव्या पद्धतीने खाली आणून मांडले. एकाच गाडीचं मूळ माहितीपत्रक आणि आजचं सरकारी पान यांत फरक दिसतो तो त्यामुळे.

नेकारतीर
गॅलनचं लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद. माझ्या यादीतले निम्मे आकडे ब्रिटनचे आहेत, ते आता पुन्हा मांडतो. जर्मन माहितीपत्रकात ९० ला इतके, १२० ला इतके आणि शहरात इतके, असे तीन आकडे दिसतात. ते धरावेत का?

जुनंडिझेल
ती जुनी डीआयएन, म्हणजे जर्मन मानकाची पद्धत. ताशी ९० आणि १२० च्या स्थिर वेगाला मोजायचं, तिसरा आकडा शहरी वाहतुकीसारख्या चाचणीचा, आणि तिघांची सरासरी म्हणजे 'ड्रिटेलमिक्स'. ब्रिटनमध्येही तेव्हा ५६ आणि ७५ मैलांचे आकडे छापत, तेच ९० आणि १२०. विकणारे लोक जाहिरातीत नेमका ९० चा आकडा उचलतात. सपाट रस्ता, कोरी गाडी, आत ना फ्रिज ना पाण्याची टाकी. ३५-३७ वर्षांच्या गाडीचा अंदाज त्यावरून बांधू नये.

आकडेमोड
मी ब्रिस्टलला असतो, आकडेवारी हेच काम आहे आणि टी-३ नंतरची टी-४ चालवतो. मालकांच्या आकड्यांवर सरसकट अविश्वास दाखवायची गरज नाही, पण आकडा कसा काढला हे कळल्याशिवाय तो वापरता येत नाही.

एका टाकीचा आकडा मी मोजतच नाही. पंपाची नळी 'खट' करून थांबते ती दर वेळी त्याच पातळीला थांबत नाही. जमिनीचा उतार, नळी किती आत घातली, डिझेलला आलेला फेस, सगळ्याने फरक पडतो. टी-३ ची टाकी ६० लिटरची. कोणी २५ लिटर भरले आणि थांबण्याच्या पातळीत दोन लिटरचा फरक पडला, तर आकडा तिथेच आठ टक्क्यांनी हलला. लागोपाठच्या टाक्या घेतल्या की ही चूक विरून जाते, कारण एका वेळी कमी भरलेलं पुढच्या वेळी जास्त भरलं जातं.

मग सरासरी काढायची पद्धत. समजा ३०० किमी गेलात, लिटरला १२ मिळाले, २५ लिटर लागले. पुढचे ३०० किमी घाटातले, साडेसात मिळाले, ४० लिटर लागले. बरेच जण १२ आणि ७.५ ची सरासरी काढून पावणेदहा लिहितात. खरं म्हणजे ६०० किमीला ६५ लिटर लागले, लिटरला ९.२३. एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, दुसरं काही करायचं नाही. या बाबतीत जर्मनांची 'शंभराला किती लिटर' ही रीत बरी, समान अंतरांची सरासरी त्यात चुकत नाही.

रंकाळा
कोल्हापुरात आमच्या घरचा ट्रॅव्हल्सचा धंदा आहे, टेम्पो ट्रॅव्हलर आहेत. कॅम्पर नाहीत, पण जुन्या डिझेल व्हॅनचं ॲव्हरेज हा आमच्या रोजच्या जेवणाचा विषय. वडील पहिल्यापासून वही ठेवतात: तारीख, किलोमीटर, लिटर, चालक कोण, ट्रिप कुठली. टाकी फुल केल्याशिवाय नोंद होत नाही.

त्या वहीवरून सांगतो, आकडा कोण सांगतंय यावर तो फार अवलंबून असतो. गाडी विकायला आलेला मालक वरचा आकडा सांगतो. गाडी जुनी झाली, नवी घ्या असं ज्या चालकाला म्हणायचंय तो खालचा सांगतो. वहीला काही विकायचं नसतं. आजोबांकडे पावत्या किंवा वही आहे का ते विचारा. जर्मन माणूस म्हटल्यावर असेलच असं वाटतं.

आणखी एक. तीच गाडी, तोच चालक, कोल्हापूर-पुणे हायवेने गेली तर एक आकडा आणि आंबा घाटाने रत्नागिरीला उतरून परत चढली तर दुसरा. आमच्याकडे दोन्ही वेगळे धरतात आणि भाडंही त्यावर ठरतं. एकच आकडा सांगणाऱ्याने निम्मी माहिती पोटात ठेवलेली असते.

शिवनेरीचा
रंकाळा, वहीचा मुद्दा एकदम पटला. वाचतोय.

जुनंडिझेल
किलोमीटरबद्दल आतापर्यंत कोणी बोललं नाही. लिटर पंपावर मोजले जातात, तिथे सरकारी तपासणी असते. किलोमीटर मात्र गाडीचं घड्याळ सांगतं, आणि ते घड्याळ ३७ वर्षांचं आहे.

टी-३ मध्ये स्पीडोमीटरची केबल पुढच्या डाव्या चाकाच्या टोपीतून निघते. म्हणजे पुढचं टायर जेवढं मोठं तेवढे किलोमीटर कमी दिसणार. मूळ टायर १८५ आर १४, व्यास अंदाजे ६५ सेंटिमीटर. आता या गाड्यांवर १६ इंची चाकं लावायची पद्धत आहे. २१५/६५ आर १६ चा व्यास साडेअडुसष्ट सेंटिमीटरच्या पुढे जातो. गाडी १०५ किमी गेली तरी घड्याळ जेमतेम १०० दाखवणार, आणि मालक म्हणणार ही फार पिते. उलट झिजलेलं टायर: आठ मिलिमीटरची नक्षी दोनवर आली की व्यास सव्वा सेंटिमीटरने घटतो, घड्याळ पावणेदोन टक्के जास्त धावतं, आणि मालक खूश.

वेगाचा काटा युरोपात नियमानेच खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकत नाही, जास्त दाखवला तर चालतो. म्हणून "मी १०० ने जातो" म्हणणारा बऱ्याचदा ९३-९५ ने जात असतो. वेग आणि खर्च यांची सांगड घालताना हे धरा.

तपासायला सोपं आहे. जर्मनीच्या आउटोबानवर दर ५०० मीटरला निळी पाटी असते, तिच्यावर किलोमीटर लिहिलेला असतो. वीस किलोमीटर पाट्या बघत जायचं, सहप्रवाशाने घड्याळ वाचायचं. फोनचं जीपीएस सोबत चालू ठेवा.

आकडेमोड
ब्रिटनमधल्या मोटरवेवरही तशा पाट्या आहेत, आणि गंमत अशी की त्या किलोमीटरमध्येच आहेत. इथे गाडी घेणाऱ्यांना आणखी एक सोय: एमओटी, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, प्रत्येक वर्षीच्या मैलांसकट. मालक म्हणतो दर उन्हाळ्यात स्कॉटलंडला जातो, आणि नोंदीत वर्षाला सहाशे मैल दिसले, तर त्याचं ॲव्हरेज कुठल्या रस्त्यावरचं असेल याचा विचार करावा.

उत्तरायण
इतकं असेल तर त्या स्प्रिटमोनिटर वगैरे, जिथे मालक आपल्या इंधनाच्या नोंदी भरतात त्या साइट निरुपयोगीच म्हणायच्या का? नोंदी ठेवणारे मुळातच काटकसरी लोक. गाडी बेफाम हाकणारा कशाला पावत्या भरत बसेल? माझ्या मते तिथले आकडे खऱ्यापेक्षा गोडच असणार.

आकडेमोड
निरुपयोगी नक्कीच नाहीत. आयसीसीटी या संस्थेने युरोपातल्या नव्या गाड्यांचा चाचणीतला आकडा आणि रस्त्यावरचा खर्च यांतली दरी मोजली, त्यात स्प्रिटमोनिटरच्या नोंदी हा मोठा आधार होता. २००१ मध्ये ती दरी ९ टक्के होती, २०१५ पर्यंत ४२ टक्क्यांवर गेली. काटकसरी माणसांचा कल त्यात असेलही, पण तो २००१ लाही होता आणि २०१५ लाही. दरी वाढली त्याचं कारण तो कल असू शकत नाही. सामान्य मालकांनी चिकाटीने भरलेल्या पावत्यांमुळे ही गोष्ट जगापुढे आली, याचं मला फार मोल वाटतं.

पण तिथे एकेका मॉडेलच्या शेकडो गाड्या होत्या. तुमच्या १.६ टर्बो डिझेल टी-३ च्या मोजक्याच सापडतील, आणि त्यातही 'टी-३, १९८८' लिहिलेल्या गाडीत मूळ इंजिन आहे याची खात्री नाही. या गाड्यांत लोक १.९ टर्बो डिझेल टाकतात, टीडीआय हे नंतरचं डिझेल इंजिन टाकतात, पेट्रोलवाले सुबारूचं इंजिन बसवतात. साडेसात लिहिणारा टीडीआयवाला असू शकतो. त्यामुळे सरासरी बघूच नका. प्रत्येक नोंद उघडा, पीएस किती लिहिलेत बघा, टिप्पण्या वाचा, दोन हिवाळे तरी नोंदी आहेत का बघा. असे चार-पाच सापडले तरी पुरेत.

उत्तरायण
दरीचा मुद्दा मान्य. पण एका माणसाने एक गाडी घ्यायची तर त्या काटकसरी चार-पाच जणांचाच आकडा त्याच्या हाती लागणार. तिथे माझा आक्षेप कायम.

आकडेमोड
तिथे तुमचं बरोबर आहे. दोन गाड्यांची तुलना करायला त्या नोंदी उत्तम. स्वतःचा खर्च काढायचा तर त्यात स्वतःचा वेग मिळवावा लागतो.

भटकभवानी
कॅम्परचं एक खास: गाडी उभी असतानाही डिझेल पिते. एबरश्पेखर किंवा वेबास्टोचा हीटर बसवलेला असेल तर तो बहुतेक वेळा गाडीच्याच टाकीतून घेतो. हे लक्षात न घेता लोक गाडीला नावं ठेवतात.

नेकारतीर
अरे, आजोबांच्या गाडीला वेबास्टो आहे! किती पितो तो?

जुनंडिझेल
दोन किलोवॅटचा लहान असेल तर मंद आचेवर तासाला साधारण ०.१२ लिटर, पूर्ण जोरात पाव लिटर. थंडीच्या रात्रीत सव्वा-दीड लिटर जातं. शनिवार-रविवारच्या ३०० किमीच्या सहलीत दोन रात्री लावलात तर तीन लिटरच्या आसपास, आणि गाडीला एकूण लागणार तीस. दहा टक्के तिथेच गेले. शिवाय हिवाळ्यात हवाच जड. २० अंशांवरून शून्यावर आलं की घनता सात टक्क्यांनी वाढते, तेवढाच विरोध वाढतो. म्हणून हिवाळा-उन्हाळा एकत्र करून सांगितलेला आकडा मला आवडत नाही.

पेट्रोलच्या गाड्या बघणाऱ्यांसाठी: एलपीजी बसवलेली गाडी असेल तर मालक बऱ्याचदा फक्त गॅसचे लिटर सांगतो. इंजिन गरम होईपर्यंत ती पेट्रोलवर चालते, ते हिशोबात येत नाही. आणि गॅसचे लिटर पेट्रोलपेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्तच लागतात, त्यामुळे दोन्ही आकडे एका रांगेत मांडू नयेत.

नेकारतीर
आज परत गाडी बघून आलो. रंकाळा, तुमचं वाक्य घेऊनच गेलो होतो. आजोबांनी खणातून वही काढून दिली! तीन उन्हाळे आणि मधले हिवाळे, प्रत्येक भरणीची तारीख, किलोमीटर, लिटर. त्यांच्या परवानगीने फोटो काढून आणले.

एकूण ६,१२० किमी, ६०१ लिटर. शंभराला ९.८. सर्वात चांगली टाकी ८.०, डेन्मार्कच्या सहलीतली, आजोबांच्या मनातला आकडा बहुधा तोच. सर्वात वाईट १२.६, फेब्रुवारीतली. एका ठिकाणी मात्र ५.४ दिसतंय, ५२० किमीला २८ लिटर. हे कसं?

आकडेमोड
५.४ शक्य नाही. तिथे मधली एक भरणी लिहायची राहिली आहे, किंवा त्या वेळी टाकी फुल केली नाही. पुढची टाकी वाईट आलीय का बघा. आली असेल तर अर्धवट भरणी, मग एकूण हिशोब बरोबरच आहे. पुढची नेहमीसारखी असेल तर भरणी सुटली आहे, आणि तो तुकडा किलोमीटर आणि लिटर दोन्हींतून काढून टाका.

नेकारतीर
पुढची ९.९. म्हणजे भरणी सुटली. तुकडा काढला: ५,६०० किमी, ५७३ लिटर, शंभराला १०.२.

आणि टायर १६ इंचीच आहेत! चालवून बघताना बायकोने ए-८ वरच्या पाट्या मोजल्या. पाट्यांचे २० किमी झाले तेव्हा घड्याळात १९.३ होते, फोननेही तेच सांगितलं. म्हणजे खरे किलोमीटर ५,८०० च्या आसपास, आणि शंभराला ९.९.

जुनंडिझेल
उत्तम काम केलंत. मात्र हे दोन म्हाताऱ्या माणसांचं ९.९ आहे. ते दोघंच, सामान बेताचं, घाई नाही. तुम्ही चौघं, सायकली, पाण्याची भरलेली टाकी, आणि सोमवारी ऑफिस गाठायचं म्हणून रविवारी रात्रीचा परतीचा वेग. मी तुमच्या जागी ११ धरेन. १५ हजार किमीला १,६५० लिटर. तेवढं झेपत असेल तर पुढे जा.

टायरचा आकार गाडीच्या कागदात नोंदवलाय का तेही बघा. कागदात पी.१ ला इंजिनाची क्षमता आणि पी.२ ला किलोवॅट असतात, ७० पीएस म्हणजे ५१ किलोवॅट. ते जुळत असेल तर वही याच इंजिनाची.

रंकाळा
आजोबांना आमचा नमस्कार सांगा. अशी वही ठेवणाऱ्या माणसाची गाडी घ्यायला मन घट्ट करावं लागत नाही. फेब्रुवारीच्या १२.६ बद्दल विचारलंत का? हीटर की ब्रेक धरत होते? आमच्याकडे एकदम ॲव्हरेज पडलं की पहिल्यांदा चाकं हाताने फिरवून आणि हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावून बघतात, कुठलं गरम लागतंय.

नेकारतीर
विचारलं. फेब्रुवारीत ते ऑस्ट्रियात बर्फात राहिले होते, चार रात्री हीटर चालू. वहीत तसं लिहिलंयही, मला त्यांचं अक्षर लागलं नव्हतं. कागदात ५१ किलोवॅट आहेत, १६ इंची टायरही नोंदवलेत. हबला हात लावून बघायचं राहिलं, ते शनिवारी बघतो. ११ धरून बजेट बसतंय, पण मोठी ओनिंग या वर्षी घ्यायची नाही असं ठरलं.

आकडेमोड
घेतलीत तर वही तशीच पुढे चालू ठेवा, त्याच रकान्यांत. हीटरच्या रात्रींसाठी मात्र एक वेगळा रकाना करा, आणि टायर बदललेत की त्या तारखेला रेघ मारा. वर्षभराने इथे आकडे टाका. १.६ टर्बो डिझेलच्या खात्रीच्या नोंदी फार थोड्या आहेत, पुढच्या माणसाला उपयोग होईल.